यीस्टचा संसर्ग : लाज सोडा, कारण शोधा

आवणीचे दिवस सुरू झाले की आमच्या घोटीच्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूप बदलते. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचे आणि घामोळ्यांचे पेशंट असतात. जुलै महिन्यात मात्र बाकावर बसलेल्या दहा जणांपैकी तीन-चार जण तरी काही ना काही खाजवत असतात. इगतपुरी तालुका हा पावसाचा तालुका. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात भाताची शेती. बायामाणसे दिवसभर चिखलात वाकून रोपे लावतात, ओल्या साडीतच घरी येतात आणि तशाच स्वयंपाकाला लागतात. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. बुरशीला याहून सोयीचे हवामान कोणते?

दोन वर्षांपूर्वी अशाच पावसात जवळच्या खेड्यातील चाळिशीच्या एक बाई आल्या. तक्रार कंबरदुखीची. मी तपासले, गोळ्या लिहून दिल्या. बाई उठेनात. आमच्या परिचारिका ताईंच्या हे लक्षात आले. त्यांनी बाईंना पडद्याआड नेले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. "ताई, तीन महिने झाले. खाली लय खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं. लघवीला आग होते. घरात सांगायची सोय नाही. डॉक्टरांना तुम्हीच सांगा."

मी योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत आराम पडला. महिन्याने बाई पुन्हा आल्या, मी पुन्हा त्याच गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा ताईंनीच मला विचारले, "डॉक्टर, यांची साखर बघितलीत का?" मी बघितली नव्हती. लगेच बोटातून रक्त काढून पाहिले. साखर तीनशेच्या वर. बाई रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होत्या, पण पावसाळ्याच्या गारव्याने होत असेल असे समजून गप्प होत्या. आणि मी विचारलेही नव्हते. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर झालेली ही चूक मी वाचकांपासून लपवत नाही, कारण आजच्या लेखाचा मुद्दाच तो आहे. यीस्टचा संसर्ग बरा करणे सोपे असते. तो का झाला, हे शोधणे महत्त्वाचे असते.

यीस्ट म्हणजे काय?

बुरशीचे दोन ढोबळ प्रकार समजा. शिळ्या भाकरीवर किंवा ओल्या चपलेवर कापसासारखी वाढते ती तंतूंची बुरशी. दुसरी एकेका पेशीची, गोल-लांबट कणांसारखी, कळ्या फुटून वाढणारी. तिला यीस्ट म्हणतात. बेकरीतील पाव फुगतो तो यीस्टमुळेच. पण पावाचे यीस्ट वेगळे आणि माणसाला त्रास देणारे वेगळे. त्रास देणाऱ्या यीस्टमध्ये मुख्य आहे कॅन्डिडा, आणि त्यातही कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात. म्हणून "डॉक्टर, पाव सोडू का?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पाव खाल्ल्याने हा संसर्ग होत नाही.

हे कॅन्डिडा बाहेरून येतेच असे नाही. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि स्त्रियांच्या योनिमार्गात ते थोड्या प्रमाणात कायम राहत असते. तेथे राहणारे उपयोगी जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरतात. हा तोल बिघडला की ते भराभर वाढते आणि मग खाज, लाली, आग सुरू होते. तोल बिघडण्याची कारणे ठरावीक आहेत : सततचा ओलावा, रक्तातील जास्त साखर, जंतुनाशक औषधांचा म्हणजे अँटिबायोटिकचा मारा, गरोदरपण, स्टिरॉइड औषधे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार.

अंगावर कोठे कोठे दिसते?

पायाच्या बोटांच्या बेचक्यात पडणाऱ्या चिखल्या आपल्या भागात घरोघरी माहीत आहेत. कातडी पांढरी, फुगलेली, कुजल्यासारखी होते, चिरते, आग होते. चिखल्यांमध्ये एकटे यीस्ट नसते. दुसरी बुरशी आणि जिवाणूही सोबत असतात. हाताच्या बोटांमध्ये, विशेषतः मधल्या बोटाच्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या बेचक्यात होणारी अशीच जखम मात्र बहुधा कॅन्डिडाची असते. जुनी माणसे चिखल्यांना मेंदी लावतात. काही जण गाडीचे वंगणही लावतात. वंगण मुळीच लावू नका. शेतातून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुणे, बेचके कोरड्या फडक्याने टिपून घेणे आणि रात्री बुरशीचे साधे मलम लावणे, यात निम्म्याहून अधिक काम होते. पाय सुजला, लाल झाला, जांघेत गाठ आली किंवा ताप आला, तर तो जिवाणूंचा संसर्ग समजावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाने तर चिखल्यांना कधीच किरकोळ समजू नये.

नखुरडे हा दुसरा प्रकार. महामार्गावरच्या हॉटेलांत भांडी घासणारी माणसे, दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्या नखाच्या कडेची कातडी पाणी आणि साबणाने सुटते. त्या फटीत ओल राहते आणि यीस्ट शिरते. नखाची कड सुजते, दाबली तर दुखते, कालांतराने नख वेडेवाकडे होते. यावर अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग होत नाही. हात कोरडे ठेवणे हाच मुख्य उपाय. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालावेत. ते जमत नसेल तर निदान काम संपल्यावर हात नीट पुसून नखांच्या कडांना औषध लावावे. बरे व्हायला आठवडे लागतात, हे आधीच सांगतो.

जाड अंगाच्या माणसांच्या जांघेत, पोटाच्या वळीखाली आणि स्त्रियांच्या स्तनांखाली घामाने लालभडक चट्टा पडतो. त्याच्या कडेला बारीक बारीक लाल पुटकुळ्या असतील, तर कॅन्डिडाचा संशय घ्यावा.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. दुधाचा थर ओल्या फडक्याने सहज निघतो. हा निघत नाही, आणि निघाला तर खाली लाल दिसते. बाळ दूध ओढताना रडते. यावर थेंबांचे औषध मिळते आणि चार-पाच दिवसांत फरक दिसतो. आईच्या स्तनाग्राला आग किंवा चिरा असतील तर तिलाही औषध लागते, नाहीतर दोघे एकमेकांना संसर्ग देत राहतात. घरातील आजीबाईंना एक विनंती आहे. बाळाच्या तोंडात टाकणखार चोळू नका, तो बाळाला विषारी ठरू शकतो. एक वर्षाच्या आत मधही चाटवू नका.

मोठ्या माणसाच्या तोंडात असे पांढरे थर आले तर कारण शोधावेच लागते. दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर खळखळून चूळ भरली तर हा त्रास बराच टळतो. कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून स्वच्छ करून ठेवावी. यातले काहीच नसेल तर साखर तपासावी आणि एचआयव्हीचीही तपासणी करावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते.

अंगावरून पांढरे जाणे

आता ज्या विषयावर सर्वांत कमी बोलले जाते त्याकडे वळू. चार स्त्रियांपैकी तीन जणींना आयुष्यात एकदा तरी योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग होतो. म्हणजे ही सर्दी-पडशासारखी सामान्य गोष्ट आहे. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. अविवाहित मुलीलाही तो होऊ शकतो.

तरीही आपल्याकडे हे दुखणे अंगावर काढले जाते. याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यातील ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. या पाहणीने जगाचे लक्ष वेधले. तोपर्यंत खेड्यातील बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जात होते. गडचिरोली आमच्यापासून दूर आहे, पण पडद्याआड ताईंच्या कानात सांगितली जाणारी दुखणी ऐकली की घोटी त्या दोन गावांहून फार वेगळी वाटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे दर वेळी रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मधोमध पातळ, चिकट, अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा स्राव होतो. गरोदरपणातही स्राव वाढतो. खाज नाही, वास नाही, आग नाही, तर औषधाची गरज नाही. 'धुपणीने हाडे झिजतात' हा आपल्याकडचा जुना समज आहे. या स्रावातून हाडे वितळून जात नाहीत. अशक्तपणा असेल तर रक्त तपासावे. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन कमी निघते.

रोगाचा स्राव मुख्यतः तीन प्रकारचा असतो. यीस्टचा स्राव घट्ट, पांढरा, फाटलेल्या दुधासारखा असतो. त्याला फारसा वास नसतो, पण खाज अतोनात असते. जिवाणूंच्या बिघाडाचा स्राव पातळ, करडा आणि मासळीसारख्या वासाचा असतो, खाज कमी. तिसरा ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म जीवाचा. तो पिवळसर-हिरवट, फेसाळ आणि दुर्गंधीचा असतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावेच लागते. यीस्टमध्ये नवऱ्याला त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही.

तिन्हींची औषधे वेगळी आहेत. यीस्टचे औषध जिवाणूंवर चालत नाही आणि जिवाणूंचे औषध घेतले तर यीस्ट उलट वाढते. शेजारणीला लागू पडलेले औषध तुम्हाला लागू पडेलच असे नाही, ते यामुळे. वर्णनावरून अंदाज बांधता येतो, पण तो चुकतो, आणि काही वेळा दोन संसर्ग एकत्रही असतात. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर लवकर उलगडा होतो. जेथे ही सोय नाही तेथे लक्षणांवरून उपचार करता यावेत, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटे तयार करण्यात आली. योनिस्रावासाठीच्या हिरव्या पाकिटात जिवाणूंवरचे आणि यीस्टवरचे अशी दोन्ही औषधे असतात. सरकारी रुग्णालयात याची चौकशी करायला संकोच करू नका.

काही लक्षणे मात्र घरी थांबण्याची नाहीत. स्रावात रक्त असणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ओटीपोटात दुखून ताप येणे, घाण वासाचा स्राव सतत राहणे. यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी. तेथील कर्करोग सुरुवातीला सापडला तर बरा होतो. 'पांढरे जाते' म्हणून वर्षभर गोळ्या घेत बसलेल्या बाईचा तो काळ हातून जातो.

औषधे आली कोठून आणि घ्यायची कशी?

जिवाणूंवर पेनिसिलिन चालते, मग बुरशीवर का नाही? कारण बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीला जवळची आहे. आपल्याला धक्का न लावता तिला मारणारे औषध शोधणे अवघड होते. पेनिसिलिनचा वापर वाढला तसे यीस्टचे संसर्गही वाढू लागले, आणि गरज तातडीची झाली.

१९५० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी मातीतील एका सूक्ष्म जीवापासून निस्टॅटिन हे औषध मिळवले. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. मातीचे नमुने आणि अर्क बरण्यांत भरून टपालाने जात-येत असत. राज्याच्या नावावरूनच औषधाचे नाव पडले. त्यातून मिळालेले एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक मानधन दोघींनी संशोधनासाठी देऊन टाकले.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीत सापडलेल्या सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध तयार केले आणि १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या सूक्ष्म जीवाच्या शास्त्रीय नावात 'पिंपरिना' हा शब्द आहे. मुलांच्या तोंडातील आणि स्त्रियांच्या योनिमार्गातील कॅन्डिडावर ते आपल्याकडे वापरले गेले. ज्या मातीत आपण चिखल्यांना दोष देतो, तिच्यातूनच त्यांवरचे औषधही निघाले आहे.

आज सर्वांत जास्त वापरले जाते ते क्लोट्रिमॅझोल. मलम, थेंब आणि योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या अशा तिन्ही रूपांत ते मिळते. १०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर रोज रात्री झोपताना एक, अशी सहा-सात रात्री ठेवतात. ५०० मिलिग्रॅमची असेल तर बहुधा एकच पुरते. ती तोंडाने गिळायची नसते. हे सांगावे लागते, कारण गिळून आलेले पेशंट मी पाहिले आहेत. तोंडाने घ्यायची गोळी म्हणजे फ्लुकोनॅझोल. साध्या संसर्गात १५० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरेशी असते.

गोळी एकच असली तरी ती आपल्या मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रीने ती टाळावी, तिला योनिमार्गातील औषध सात दिवस देतात. रक्त पातळ करणारे औषध आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांच्याशी तिचे जमत नाही. यकृताचा आजार असेल तरी डॉक्टरांना आधी सांगावे. खाज दोन-तीन दिवसांत थांबते, पण डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. खाज थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवू नयेत.

योनिमार्ग आतून धुण्याची गरज नसते. साबण, जंतुनाशक द्रव, तुरटीचे पाणी आत घेतल्याने तेथील उपयोगी जिवाणू मरतात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधे पाणी पुरे. लसूण किंवा कडुनिंबाचा पाला वाटून लावल्याने भाजल्यासारख्या जखमा होतात. दही खायला हरकत नाही, पण ते औषधाची जागा घेत नाही.

ट्यूबचा घोटाळा

अंगावर गोल, कडा उठलेले, खाजरे चट्टे पडतात ते गजकर्ण. ते यीस्टचे नसून दुसऱ्या बुरशीचे असते. पण दोन्हींच्या बाबतीत लोक एकच चूक करतात. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतात. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला तीव्र स्टिरॉइड, असे मिश्रण असते. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि ट्यूब 'गुणकारी' वाटते. आत मात्र त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज. वर्षभर हे चालले की जांघेतील कातडी पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पांढरट-जांभळे वळ उठतात. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरे होणारे गजकर्ण आज महिनोन्‌महिने जात नाही. त्यामागे या ट्यूबा आहेत आणि औषधाला न जुमानणारी बुरशीही आहे.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, पण तो पाळून घेणे गिऱ्हाइकाच्याही हाती आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ती खाजेवर आपल्या मनाने लावायची नाही, एवढे लक्षात ठेवा.

पुन्हा पुन्हा होते, तेव्हा

वर्षात तीन किंवा अधिक वेळा यीस्टचा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा वेळी नुसते औषध पुन्हा देऊन भागत नाही. पहिली तपासणी साखरेची. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा जास्त आली, तर तो मधुमेह समजतात. साखर जास्त असेल तर यीस्टला खाद्य मिळते आणि शरीराची लढण्याची ताकद कमी होते. मग कितीही गोळ्या ठेवा, महिन्याने पुन्हा तेच.

पुरुषांनीही येथे लक्ष द्यावे. शिश्नाच्या पुढच्या कातडीला खाज, लाली, पांढरा थर आणि बारीक चिरा पडणे, कातडी मागे सरताना दुखणे, ही तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची मी आता आधी साखर बघतो. पुष्कळदा मधुमेहाची पहिली बातमी तीच असते. पुरुष दुकानातून ट्यूब नेतो, बायकोलाही सांगत नाही, आणि मधुमेह दोन वर्षे उशिरा कळतो.

ज्यांचा मधुमेह आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी एक नवी गोष्ट. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या आहेत आणि पेटंट संपल्यावर स्वस्तही झाल्या. परंतु लघवीत साखर आल्याने काहींना जननेंद्रियाचा यीस्ट संसर्ग होतो. लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी करावी. त्रास झाला तर गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोचला. तेव्हापासून बुरशी म्हटले की पेशंट घाबरतात. तो म्युकरमायकोसिस नावाचा वेगळा आणि घातक आजार. साधे कॅन्डिडा त्या वळणावर जात नाही. पण त्या वेळीही ज्यांना जास्त फटका बसला त्यांच्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या : आटोक्यात नसलेली साखर आणि स्टिरॉइडचा मारा. लहान बुरशी असो की मोठी, ती याच दोन दारांनी शिरते.

साखर ठीक असूनही संसर्ग परत येत असेल तर स्राव तपासून यीस्टची जात पाहतात. काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. नेहमीची जात असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्याला एक गोळी असे सहा महिने उपचार करतात. त्याने बहुतेकींना आराम मिळतो.

लक्षात ठेवा

१. पावसात भिजलेले आतले कपडे घरी येताच बदला. सुती, सैल कपडे वापरा. आतले कपडे सावलीत कोपऱ्यात दडपून वाळवू नका. ऊन नसेल तर इस्त्री फिरवा.

२. सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक मागू नका. नको असलेल्या अँटिबायोटिकनंतर यीस्ट वाढते.

३. दुकानातून मिश्रणाची ट्यूब घेऊ नका.

४. पहिल्यांदाच त्रास होत असेल, गरोदर असाल, किंवा औषधाने आठवड्यात फरक पडला नाही, तर तपासणी करून घ्या.

५. वर्षात तीनदा त्रास झाला तर साखर तपासा. स्त्री असो वा पुरुष.

६. डॉक्टर पुरुष असतील तर परिचारिकेला सोबत बोलवा. तो तुमचा हक्क आहे आणि कोणताही डॉक्टर त्याला नाही म्हणणार नाही.

त्या बाई आता दर दोन महिन्यांनी येतात. रोज दोन वेळा गोळ्या घेतात, भात कमी करून भाकरी खातात आणि साखर आटोक्यात आहे. खाज पुन्हा आलेली नाही. गेल्या महिन्यात त्या आपल्या जावेला घेऊन आल्या. पडद्याआड जायची वाट न पाहता त्यांनी दारातूनच सांगितले, "डॉक्टर, हिची पण साखर बघा. हिलाबी माझ्यासारखंच होतंय." जावबाई लाजल्या, पण बसल्या. तपासणी झाली. साखर नव्हती, साधे यीस्ट होते. सहा रात्रींच्या गोळ्यांत बऱ्या झाल्या.